लहानपणी आई किंवा वडील गेले, त्यावर एकपात्री प्रयोग कसा बांधावा

एकपात्री म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच मिनिटांत रडून-हसून दाखवलेला एकपात्री अभिनय, आणि दुसरी म्हणजे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने उभी केलेली पन्नासहून अधिक पात्रे. या दोन्हींमुळे एकपात्री हा नकलेचा आणि कसबाचा प्रकार आहे, अशी समजूत पक्की झाली आहे. स्वतःच्या बालपणातील मृत्यूवर प्रयोग करू पाहणारा माणूस या समजुतीत अडकला, तर पहिल्या पंधरा मिनिटांतच फसतो. माझे वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. त्यावरचा प्रयोग मी अनेक वर्षे केला, आणि असेच प्रयोग करू पाहणाऱ्या काही जणांच्या तालमींना पुढे बसले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

सर्वांत आधी तयारीचा प्रश्न. 'जखम भरली आहे का' असे स्वतःला विचारून काही उपयोग नाही, कारण त्याचे खरे उत्तर कोणालाच देता येत नाही. त्याऐवजी एक साधी परीक्षा घ्यावी. विश्वासातील एका व्यक्तीला समोर बसवून त्या दिवसाची हकीकत सलग वीस मिनिटे सांगावी, आणि नंतर स्वतःला विचारावे की सांगत असताना पंख्याचा आवाज ऐकू येत होता का, समोरच्या माणसाने मांडी केव्हा बदलली हे लक्षात आले का. आले असेल तर काम सुरू करण्यास हरकत नाही. वीस मिनिटांनंतर आपण कोठे बसलो आहोत याचेही भान उरले नसेल, तर लेखन चालू ठेवावे, पण रंगमंच काही काळ लांबच ठेवावा. रात्र-रात्र झोप लागेनाशी झाली तर समुपदेशकाकडे जावे. प्रयोग हा उपचार नव्हे, आणि तिकीट काढून आलेल्या माणसावर उपचाराची जबाबदारी टाकणे योग्यही नव्हे.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. माझ्या पहिल्याच प्रयोगाला आत्या पहिल्या रांगेत येऊन बसली, तिचा चेहरा दिसताच विसाव्या मिनिटाला माझा आवाज गेला, आणि पुढची दोन-तीन मिनिटे मी नुसती उभी होते. प्रेक्षक हळहळले, कोणीतरी 'सावकाश, सावकाश' असेही म्हणाले. घरी गेल्यावर कळले की त्या क्षणापासून लोकांनी नाटक पाहणे सोडून दिले होते आणि ते माझी काळजी करू लागले होते. उरलेला प्रयोग वाया गेला. तेव्हापासून जवळच्या नातेवाइकांना मी सातव्या-आठव्या रांगेच्या मागे बसवते.

वही आणि तीन शाया

संहिता लिहायला एकदम बसू नये. आधी दोन-तीन आठवडे नुसती टिपणे काढावीत आणि ती तीन रंगांच्या शाईने लिहावीत. जे स्वतःला आठवते ते निळ्या शाईने, जे पुढे कोणीतरी सांगितले ते लाल शाईने, आणि जे मोठेपणी आपणच ताडले ते हिरव्या शाईने. हा पोरखेळ वाटेल, पण वही भरली की धक्का बसतो, कारण ज्याला आपण आयुष्यभर 'माझी आठवण' म्हणत आलो त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर लाल निघतो. वडील दुपारी गेले असे मला पक्के आठवत होते. आई म्हणाली की सकाळचे साडेआठ वाजले होते. मी चूक दुरुस्त केली नाही, दोन्ही वेळा संहितेत ठेवल्या, आणि लहान मुलीची दुपार साडेआठला का झाली असावी यावर एक अख्खा प्रवेश उभा राहिला.

पुढे याच तीन शाया रंगमंचावरच्या तीन जागा होतात. निळा मजकूर मी मधोमध, लाल मजकूर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला असलेल्या खुर्चीत बसून, आणि हिरवा मजकूर अगदी पुढे, सभागृहाकडे तोंड करून बोलते. प्रेक्षकाला शायांबद्दल काहीही ठाऊक नसते, तरी दहा मिनिटांत त्याला कळते की बाई खुर्चीत बसली म्हणजे आता ऐकीव गोष्ट येणार. त्यामुळे 'तेव्हा मी लहान होते' आणि 'आता मला कळते' अशी वाक्ये संहितेतून आपोआप गळतात, आणि ती गळावीत हेच बरे.

मुलाला काय ठाऊक होते

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल मृत्यूला परत येण्यासारखी गोष्ट समजते. सात-आठच्या सुमारास बहुतेक मुलांना तो कायमचा असतो हे कळू लागते. पण कळले तरी मूल मोठ्यांसारखा सलग शोक करीत नाही. ते दहा मिनिटे रडते, मग खेळायला जाते, मग रात्री अचानक एखादा प्रश्न विचारते. आपण रागावलो किंवा सांगितलेले ऐकले नाही म्हणून हे घडले, असा चोरटा अपराधभावही पुष्कळ मुलांच्या मनात असतो. ज्या वयाचे मूल आपण उभे करणार, त्या वयाला काय कळत होते हे आधी ठरवावे आणि त्याच्या पलीकडचा एकही शब्द निळ्या मजकुरात येऊ देऊ नये.

माझ्या वहीतील पहिल्या पानावर 'बाबांच्या जाण्याने घर पोरके झाले' असे वाक्य होते. नऊ वर्षांची मुलगी असे म्हणत नाही. तेराव्याच्या पंक्तीत मी जिलेबी दोनदा मागून घेतली होती आणि वाढणाऱ्या काकूंनी माझ्याकडे एक क्षण पाहून तिसरी न मागताच वाढली होती. पोरके वगैरे शब्द खोडून हा प्रसंग लिहिला, तेव्हा कोठे प्रवेश जिवंत झाला. या ठिकाणी प्रेक्षक हसतात. हसू द्यावे, आणि हशा ओसरण्याच्या थोडे आधी काकूंचा हात दाखवावा. त्या हसण्याची भीती वाटून अनेक जण असे प्रसंग गाळतात आणि पन्नास मिनिटे एकाच सुरात दुःख सांगत राहतात. ते ऐकणे फार कठीण जाते.

मोठ्यांची भाषा हा या विषयातला सर्वांत श्रीमंत साठा आहे. 'देवाघरी गेले', 'बाहेरगावी गेले', 'लहान आहे, तिला काय कळतंय', 'आता तूच आईला सांभाळायचं', ही वाक्ये मुलाच्या डोक्यावरून जातात, तरी जन्मभर राहतात. ती बोलण्यासाठी प्रत्येक नातेवाइकाची नक्कल करण्याची गरज नसते. संस्कृतातील भाण हा एकट्या नटाचाच नाट्यप्रकार. त्यात नट अदृश्य व्यक्तीशी बोलतो, 'काय म्हणतोस?' असे विचारून तिचे वाक्य स्वतःच उच्चारतो आणि मग त्याला उत्तर देतो. या युक्तीला आकाशभाषित म्हणतात, आणि लहान मुलाच्या भूमिकेला ती फार शोभते, कारण मोठ्यांचे वाक्य तोंडात घोळवून पाहणे हा मुलांचा स्वभावच असतो. माझ्या संहितेतील तुकडा असा होता :

"काय म्हणालात काका? बाबा बाहेरगावी गेलेत? कुठल्या गावी? ... लांब? लांब म्हणजे मिरजेपेक्षा लांब? ... बरं. मग मी त्यांची चप्पल आत ठेवू का?"

येथे आधी आणखी एक ओळ होती, 'मग रेनकोट का नाही नेला?' त्या ओळीला प्रत्येक वेळी सभागृहातून 'च्च' असा उसासा येई. सातव्या प्रयोगानंतर मी ती कापली. ज्या ओळीला उसासा ठरल्यावेळी हमखास येतो, ती मुलाची नसते, लेखकाने मुलाच्या तोंडी घातलेली असते.

मूल होऊ नये, खोली मोठी करावी

आवाज बारीक करणे, बोबडे बोलणे, फ्रॉकचे टोक चावणे या गोष्टी प्रौढ नटाने केल्या की दुःखाचे हसे होते. मूल दाखवायचे असेल तर शरीर आहे तसे ठेवावे आणि भोवतालच्या वस्तूंची मापे वाढवावीत. यात गणित आहे आणि ते सोपे आहे. आमच्या घरी दारामागे जमिनीपासून साडेपाच फुटांवर एक खिळा होता आणि त्यावर वडिलांचा रेनकोट असे. त्या वेळी माझी उंची सव्वाचार फुटांच्या आसपास होती. आज मी पाच फूट दोन इंच आहे, म्हणजे नेपथ्य करण्यापूर्वी एकच भागाकार करायचा : आजची उंची भागिले तेव्हाची उंची, म्हणजे सुमारे 1.2. साडेपाचाला 1.2 ने गुणले की साडेसहा फूट आणि वर इंचभर. मी खिळा पावणेसात फुटांवर ठोकला, कारण दिव्यांच्या प्रकाशात आणि लांबून पाहताना उंची थोडी कमी भासते. तो गाठायला मला टाचा उंचावून, खांदा ताणून हात वर करावा लागतो, आणि त्या ताणात मी नऊ वर्षांची दिसते. वेगळा अभिनय करावा लागत नाही. स्टूलही तसेच. नेहमीची खुर्ची अठरा इंच उंच असते, मी चोवीस इंचांचे स्टूल करून घेतले, त्यामुळे बसल्यावर पाय अधांतरी राहतात. पाच वर्षांच्या मुलाचा प्रयोग असेल तर भागाकार दीडच्या जवळ जाईल, आणि मग दाराची कडीसुद्धा डोक्यावर येईल.

त्या खिळ्याभोवतीच प्रयोगाचा मुख्य प्रसंग आहे. त्या दिवशी पाऊस होता, नातेवाईक भिजून येत होते, आणि कोणीतरी आपला ओला सदरा रेनकोटावरच अडकवला. रेनकोट बाहेरून भिजतो, आतून भिजता कामा नये, हे वडिलांनी मला अनेकदा सांगितले होते. म्हणून मी स्टूल ओढत आणले, सदरा काढला, रेनकोट उलटा करून अस्तर ओढणीने पुसले आणि तो पुन्हा टांगला. आतल्या खोलीत काय चालले होते त्याचा या प्रसंगात एक शब्दही नाही. मी तो कोणताही भाव चेहऱ्यावर न आणता, केवळ काम नीट व्हावे अशा काळजीने करते, आणि त्याला पूर्ण चार मिनिटे देते. तालमीत पाहणाऱ्याला ती लांब वाटतात. त्याचे ऐकू नये.

गेलेल्या माणसाची भूमिका करावी का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझे मत असे आहे की करू नये. वडिलांचा आवाज काढला की प्रेक्षकाला एक विशिष्ट माणूस मिळतो आणि त्याच्या मनातली मोकळी जागा भरून जाते. ती जागा रिकामी राहणे हाच तर विषय आहे. मृत्यूचा क्षणही दाखवू नये. संस्कृत नाट्यसंकेतात तो सामान्यतः रंगमंचावर दाखवीत नसत. या संकेताला भासाचे 'ऊरुभंग' हा प्रसिद्ध अपवाद आहे, पण तेथेही जे काळजाला भिडते ते वेगळेच आहे. मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाकडे त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो, नेहमीप्रमाणे मांडीवर बसू पाहतो, आणि बाप त्याला अडवतो. का अडवतो, हे मुलाला कळत नाही. युद्ध, शाप, पराभव यांपैकी काहीही त्या मुलापर्यंत पोहोचलेले नसते, एवढेच पोहोचते की आज मांडी मिळाली नाही. आपल्या संहितेत असा एक नकार शोधावा. तो प्रत्येकाच्या आठवणीत असतो, फक्त क्षुल्लक वाटून वहीत उतरलेला नसतो.

खऱ्या वस्तूंबाबत एक सूचना. वडिलांचा खरा रेनकोट मी सुरुवातीचे अकरा प्रयोग वापरला. अकराव्या प्रयोगानंतर तो एका नाट्यगृहाच्या ग्रीनरूममध्ये राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा तेथे नव्हता. बाजारातून तसलाच एक आणून मी प्रयोग चालू ठेवले. प्रेक्षकांना काहीही फरक पडला नाही, तेव्हा मला कळले की खऱ्या वस्तूची गरज प्रेक्षकाला कधीच नव्हती. आईचे मंगळसूत्र, वडिलांचे घड्याळ, शेवटचे पत्र, हे सारे घरी कपाटात ठेवावे आणि रंगमंचावर नक्कल न्यावी. हीच गोष्ट त्यांच्या आवडत्या गाण्याची. ध्वनिमुद्रित गाणे लावले की त्याच्या परवानगीचा प्रश्न येतोच, शिवाय ते गाणे प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या आठवणीत घेऊन जाते आणि तो परत येईपर्यंत पुढची दोन वाक्ये निसटतात. मुलाला जेवढी चाल आठवत असेल तेवढी, शब्द चुकवून, गुणगुणावी.

तालीम

एकपात्री असला तरी बाहेरून पाहणारा दिग्दर्शक हवाच, आणि तो घरातला नसावा. संहितेची लांबी मोजताना मिनिटाला शंभर शब्द धरावेत. या विषयात थांबे जास्त असतात, त्यामुळे पाच हजार शब्दांत सहज पन्नास मिनिटे जातात आणि त्याहून लांब प्रयोग मी कोणालाही सुचवणार नाही. मध्यंतर नको.

जड प्रवेशांची तालीम पुन्हा पुन्हा भावनेसकट करू नये. एकदा तसा करावा, आणि पुढचे दहा वेळा तोच मजकूर दुप्पट वेगाने, कपड्यांच्या घड्या घालत किंवा भाजी निवडत म्हणावा, म्हणजे शब्द तोंडात बसतात आणि घशावर अवलंबून राहत नाहीत. तरीही एखाद्या दिवशी गळा दाटेल. त्यासाठी रंगमंचावर तांब्या-भांडे असावे आणि पाणी पिणे ही संहितेतलीच, कोठेही घालता येणारी क्रिया असावी. प्रकाशयोजना पाहणाऱ्याशी एक खूण ठरवावी. मी रिकामे भांडे तांब्यावर पालथे घातले की तो पुढच्या प्रवेशाचा प्रकाश आणतो आणि मी मधला मजकूर सोडून पुढे जाते. आजवर ही खूण दोनदाच वापरावी लागली, पण ती आहे या भरवशावर बाकीचे प्रयोग झाले.

संहिता पक्की झाली की घरच्यांना वाचून दाखवावी, आणि हे तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वी करावे. आपले दुःख आपले असले तरी त्या घरात आई होती, भावंडे होती, आणि त्यांच्याविषयी आपण जे लिहिले ते त्यांना परक्यांच्या गर्दीत प्रथम ऐकावे लागू नये. आईने माझ्या संहितेतील एकच गोष्ट काढायला सांगितली, दहाव्या दिवशी ती कोणाशी भांडली ती. मी ती काढली, आणि प्रयोगाचे त्यात काही बिघडले नाही. भावाने मात्र 'मला पूर्णच वगळ' असे सांगितले. मग मी संहितेत एकुलती एक झाले. ही तडजोड वाटते, पण दिवाळीला घरी जायचे असते.

कागदपत्रे आणि जागा

महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. 'मला जे सुचेल ते मी बोलणार' हा मार्ग त्यामुळेही बंद होतो. ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात आधी चार-पाच वाचने करून मजकूर स्थिर झाला की मगच संहिता पाठवावी. 

जागा लहान घ्यावी. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिरासारख्या हजाराच्या घरात आसने असलेल्या नाट्यगृहात रेनकोट उलटा करण्याची क्रिया बाल्कनीपर्यंत पोहोचतच नाही. सुदर्शन रंगमंच किंवा जुहूचे पृथ्वी थिएटर यांसारख्या, जेथे नटाचा श्वास ऐकू येतो अशा जागा या कामासाठी आहेत, आणि त्या मिळाल्या नाहीत तर शाळेचा एखादा वर्गही चालतो. कोणतेही नाट्यगृह भिंतीत खिळा ठोकू देत नाही. त्यामुळे खिळा, फळी आणि तिला उभी धरणारी लाकडी घोडी स्वतःची असावी, आणि मोजपट्टी पिशवीत ठेवावी. रंगमंच उतरता असेल तर उंची पुन्हा मोजावी लागते.

जाहिरातीत आणि तिसऱ्या घंटेपूर्वीच्या निवेदनात विषय स्पष्ट सांगावा. 'एक हृदयस्पर्शी अनुभव' असे लिहू नये, 'लहानपणी वडील गेलेल्या मुलीची गोष्ट' असे लिहावे, म्हणजे ज्याच्या घरी महिन्यापूर्वीच असे घडले आहे तो स्वतः ठरवू शकतो. आई किंवा वडील आत्महत्येने गेले असतील तर पद्धतीचा तपशील संहितेत अजिबात आणू नये, आणि पत्रकावर शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक छापावा. स्मृतिदिनी प्रयोग लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या दिवशी आपण नट नसतो.

प्रयोगानंतर लोक आत येतात. अभिनयाबद्दल फार थोडे बोलतात, बहुतेक जण स्वतःची गोष्ट सांगतात. एकदा पंचाहत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आले आणि 'माझी आई गेली तेव्हा मला शेजारी सोंगट्या खेळायला बसवलं होतं' एवढेच म्हणून उभे राहिले. अशा वेळी आपली गोष्ट पुन्हा सुरू करू नये, सल्लाही देऊ नये. मी त्यांना विचारले की सोंगट्यांत कोण जिंकले होते. त्यांना आठवत होते. या भेटींसाठी अर्धा तास हाताशी राहील अशा बेताने नाट्यगृहाची वेळ घ्यावी, मेकअप त्याआधीच उतरवावा, आणि परतीच्या प्रवासाला कोणीतरी सोबत असेल, वाटेत गरम जेवण मिळेल, याची व्यवस्था प्रयोगाच्या आदल्या दिवशीच करून ठेवावी.